सांधेरोपणानंतरची जीवनगुणवत्ता: एकाच रुग्णाचे तीन निकाल का येतात?

पाऊलवाट (धागालेखिका)

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने एप्रिल २००९ पासून खुबा किंवा गुडघा बदलून घेणाऱ्या रुग्णांकडून शस्त्रक्रियेआधी आणि शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी प्रश्नावल्या भरून घ्यायला सुरुवात केली. त्यात एक प्रश्नावली त्या सांध्यापुरती असते, म्हणजे ऑक्सफर्ड हिप स्कोअर किंवा ऑक्सफर्ड नी स्कोअर, आणि दुसरी ईक्यू-५डी ही सर्वसाधारण आरोग्याची, जिच्यासोबत ० ते १०० अशी आखलेली एक उभी पट्टीही असते. तिथून प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांत वर्षानुवर्षे एकच चित्र दिसते. खुबा बदललेल्यांपैकी ऑक्सफर्डनुसार साधारण ९७ टक्के रुग्ण सुधारलेले असतात, ईक्यू-५डीच्या निर्देशांकानुसार (म्हणजे तिच्या उत्तरांवरून काढलेल्या एका आकड्यानुसार) ९० टक्क्यांच्या आसपास, आणि उभ्या पट्टीवर मात्र ७० टक्क्यांच्या आत-बाहेर. गुडघ्याच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे ९४, ८० च्या थोडे वर आणि ६० च्या आसपास येतात. माणसे तीच, शस्त्रक्रिया तीच, फॉर्म भरण्याचा दिवसही तोच.

मी पुनर्वसनाच्या कामात आहे आणि आमच्या विभागात सध्या कोणती प्रश्नावली कायमची वापरायची यावर चर्चा सुरू आहे. त्या निमित्ताने बरेच वाचन झाले. ‘यांपैकी खरा आकडा कोणता?’ असे विचारण्यात अर्थ नाही, असे माझे मत झाले आहे. प्रत्येक प्रश्नावली रुग्णाला वेगळाच प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे परत आणते. आपण मात्र सगळ्यांवर ‘जीवनगुणवत्ता’ हे एकच लेबल लावतो आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळतो.

ऑक्सफर्डपासून सुरुवात करते. खुब्याची प्रश्नावली १९९६ मध्ये आली आणि गुडघ्याची १९९८ मध्ये. दोन्हींत बारा प्रश्न आहेत आणि ते गेल्या चार आठवड्यांबद्दल आहेत. वेदना किती, रात्री अंथरुणात त्रास होतो का, लंगडत चालता का, खुर्चीतून उठताना किती दुखते, घरची खरेदी स्वतः करता येते का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न त्या एका सांध्याभोवतीच फिरतात. त्यामुळे सांधा सुधारला की गुण लगेच हलतात. जुने शोधनिबंध वाचताना एक काळजी घ्यावी लागते: मूळ पद्धतीत १२ ते ६० असे गुण होते आणि १२ म्हणजे उत्तम. पुढे ० ते ४८ ही पद्धत रूढ झाली आणि तिच्यात ४८ म्हणजे उत्तम. दोन काळांतील निबंध शेजारी ठेवले आणि हे लक्षात आले नाही, तर सुधारणेची घसरण होते आणि घसरणीची सुधारणा.

वोमॅक ही कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ आणि मॅकमास्टर या दोन विद्यापीठांच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली. तिच्यात वेदनेचे पाच, ताठरपणाचे दोन आणि हालचालींचे सतरा असे चोवीस प्रश्न आहेत, आणि ते गेल्या ४८ तासांबद्दल आहेत. कूस ही १९९८ मधली गुडघ्याची प्रश्नावली वोमॅकच्याच पायावर उभी आहे. तिच्यात बेचाळीस प्रश्न आहेत आणि त्यांचे पाच वेगळे गुण काढतात, एकूण बेरीज करत नाहीत. ही न केलेली बेरीज मला फार शहाणपणाची वाटते, कारण वेदना कमी झाली पण उकिडवे बसणे, धावणे, गुडघे टेकणे जमत नाही अशा रुग्णाचे चित्र बेरजेत पुसले जाते. कूसमध्ये ‘जीवनगुणवत्ता’ नावाचा चार प्रश्नांचा स्वतंत्र भागही आहे, आणि गुडघ्याच्या त्रासाची जाणीव किती वेळा होते, त्याच्यापायी राहणीमान बदलावे लागले का, हे त्यात विचारले जाते.

एसएफ-३६ आणि ईक्यू-५डी या सर्वसाधारण आरोग्याच्या प्रश्नावल्यांना सांध्याशी थेट देणेघेणे नाही. एसएफ-३६ शारीरिक क्षमता, वेदना, उत्साह, सामाजिक वावर, मनःस्थिती अशा आठ अंगांची चौकशी करते. ईक्यू-५डी फक्त पाच गोष्टी विचारते: चालणे-फिरणे, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना किंवा अस्वस्थता, आणि चिंता किंवा खिन्नता, तेही ‘आज’ कसे आहे एवढेच. म्हणजे एक प्रश्नावली चार आठवडे पाहते, दुसरी दोन दिवस, तिसरी फक्त आजचा दिवस. ज्याच्या वेदनेला चढ-उतार आहेत त्याच्या बाबतीत एवढ्यानेच निकाल बदलू शकतो.

कामातले एक उदाहरण देते. एका वयस्कर बाईंनी शस्त्रक्रियेआधी वोमॅक भरताना ‘जिना उतरताना किती अडचण येते?’ या प्रश्नापुढे ‘अजिबात नाही’ अशी खूण केली. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने आश्चर्याने विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “मी जिना उतरतेच कुठे? अडचण कशी येणार?” गुडघा इतका वाईट होता की त्यांनी वरच्या मजल्यावर जाणेच सोडले होते. शस्त्रक्रियेनंतर त्या जिना चढू-उतरू लागल्या आणि त्याच प्रश्नापुढे त्यांनी ‘थोडी’ अशी खूण केली. कागदावर त्या ओळीत त्यांची प्रकृती बिघडली होती. टाळलेली हालचाल प्रश्नावलीला दिसत नाही, ही अडचण मला सगळ्यांत गंभीर वाटते आणि त्यावर इथल्या जाणकारांचे मत हवे आहे.

विदावाचक

उत्तम धागा. मी संख्याशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण ईक्यू-५डीचा निर्देशांक कसा तयार होतो हे न पाहता तो वापरणारे बरेच जण भेटतात.

जुन्या ईक्यू-५डी-३एलमध्ये प्रत्येक अंगाला तीन पातळ्या आहेत: अडचण नाही, थोडी अडचण, तीव्र अडचण. पाच अंगे आणि तीन पातळ्या यांतून २४३ अवस्था तयार होतात. प्रत्येक अवस्थेचे मूल्य रुग्ण ठरवत नाहीत, ते सर्वसामान्य नागरिकांच्या पसंतीवरून ठरते. १ म्हणजे पूर्ण आरोग्य आणि ० म्हणजे मृत्यूइतकी अवस्था. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश मूल्यसंचात सर्वांत वाईट अवस्थेला उणे ०.५९४, म्हणजे मृत्यूहूनही वाईट, असे मूल्य आहे.

आता एक रुग्ण घेऊ. चालण्यात थोडी अडचण, स्वतःची काळजी घेण्यात अडचण नाही, नेहमीच्या कामांत थोडी अडचण, वेदना तीव्र, चिंता थोडी. या अवस्थेचे ब्रिटिश मूल्य ०.०८८ येते. शस्त्रक्रियेनंतर बाकी सगळे तसेच राहिले आणि फक्त वेदना ‘तीव्र’वरून ‘थोडी’वर आली, तर मूल्य ०.६२० होते. एका खुणेच्या बदलाने ०.५३२ ची उडी! याचे कारण असे की कोणत्याही अंगात तिसरी पातळी आली की या सूत्रात त्या पातळीच्या वजावटीखेरीज ०.२६९ ची आणखी एक वजावट होते. सांधेरोपणाआधी तीव्र वेदना असणाऱ्यांची संख्या मोठी असल्यामुळे त्यांच्या निर्देशांकाचा आलेख काढला तर एक उंचवटा दिसत नाही, दोन दिसतात, आणि मधली जागा जवळजवळ रिकामी असते. अशा आलेखाची सरासरी काढली तर ती जिथे फारसे कोणी नाही अशा जागी जाऊन पडते.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ३एलमध्ये चालण्याची तिसरी पातळी म्हणजे ‘अंथरुणाला खिळलेला’. काठी टेकत कसेबसे चार पावले टाकणारा खुब्याचा रुग्ण अंथरुणाला खिळलेला नसतो, म्हणून तो दुसऱ्या पातळीवर खूण करतो. शस्त्रक्रियेनंतर तो लांबवर फिरायला जाऊ लागतो, पण थोडी कुरकुर उरलेली असते, म्हणून पुन्हा दुसरीच पातळी. ज्या गोष्टीसाठी शस्त्रक्रिया झाली तीच इथे हललेली दिसत नाही. पाच पातळ्यांच्या ५एल आवृत्तीत अवस्था ३,१२५ झाल्या आणि चालण्याच्या टोकाच्या पातळीला ‘चालता येत नाही’ असे म्हटले गेले, त्यामुळे हा दोष बराच कमी झाला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ३एल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निशिगंध

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, म्हणून रुग्णाच्या बाजूने लिहिते.

उभ्या पट्टीवर ‘आज तुमचे आरोग्य किती चांगले आहे?’ असे विचारले जाते, तेव्हा मी गुडघ्याचा विचार करत नाही. माझी कंबर दुखते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, झोप नीट लागत नाही. गुडघे सुधारल्याने यातले काही बदललेले नाही. मी पट्टीवर आधी जिथे खूण केली होती, जवळपास तिथेच नंतर केली असेल. याचा अर्थ शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही असा कोणी काढला तर मला वाईट वाटेल, कारण रात्री कूस बदलताना जाग येणे थांबले ही माझ्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे. ऑक्सफर्डमध्ये तो प्रश्न आहे आणि तिथे माझे उत्तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले.

त्याच प्रश्नावलीत गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, असेही विचारले आहे. मी शस्त्रक्रियेनंतर गुडघे टेकून पाहिलेलेच नाहीत. भीती वाटते. त्यावर ‘अशक्य’ अशी खूण करायची की मोकळे सोडायचे, हे मला कोणी सांगितले नाही. धागालेखिकेने सांगितलेल्या जिन्याच्या उदाहरणाची ही दुसरी बाजू आहे.

आणखी एक. फॉर्ममध्ये जे कधीच विचारले गेले नाही ते असे: नवा गुडघा आपला वाटतो का? दुखत नाही, पण तो तिथे आहे हे मला सतत कळत राहते.

शल्यमित्र

निशिगंधताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी एक प्रश्नावली आहे. फरगॉटन जॉइंट स्कोअर या नावाने ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात बारा प्रश्न आहेत आणि ते सगळे एकाच गोष्टीचे आहेत: अंथरुणात, तासाभराहून जास्त वेळ खुर्चीत बसल्यावर, जिना चढताना, खडबडीत जमिनीवर चालताना तुम्हाला त्या सांध्याची जाणीव होते का. गुण जितके जास्त तितका सांधा विसरला गेला असे समजायचे. ऑक्सफर्ड किंवा वोमॅकमध्ये बरे झालेले अनेक रुग्ण सर्वोच्च गुणांजवळ गर्दी करतात. तिथे चांगला आणि उत्कृष्ट यांतला भेद हरवतो. ही प्रश्नावली तो भेद दाखवते. तिची मर्यादा अशी की शस्त्रक्रियेआधी ती भरून घेण्यात फारसे हशील नाही, कारण झिजलेला सांधा कोणीच विसरलेला नसतो.

आम्हा शल्यचिकित्सकांच्या जुन्या मोजपट्ट्यांबद्दलही लिहिले पाहिजे. १९६९ मधला हॅरिस हिप स्कोअर आजही वापरला जातो. त्याच्या १०० गुणांपैकी ४४ वेदनेचे, ४७ कार्यक्षमतेचे, ४ सांध्यात व्यंग नसल्याचे आणि ५ सांध्याच्या हालचालीच्या आवाक्याचे. तो डॉक्टर भरतो. ज्याने शस्त्रक्रिया केली त्यानेच समोर बसून ‘आता दुखत नाही ना?’ असे विचारले, तर सभ्य माणूस ‘नाही’ म्हणतो. डॉक्टरने नोंदवलेला निकाल रुग्णाने स्वतः नोंदवलेल्या निकालापेक्षा उजवा येतो, हे वारंवार दिसून आले आहे. त्यामुळे मला तो तपासणीची नोंद म्हणून मान्य आहे; जीवनगुणवत्तेचे माप म्हणून मान्य नाही.

गुडघा बदललेल्या रुग्णांपैकी साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. त्यांतल्या काहींचे गुण उत्तम सुधारलेले असतात. शस्त्रक्रियेआधी काय अपेक्षा होती, यावर समाधान फार अवलंबून असते, आणि अपेक्षा या कोणत्याच मोजपट्टीत बसत नाही.

शेवटी, गुण किती वाढले यावर दोन रुग्णालयांची किंवा दोन रुग्णांची तुलना करताना सुरुवात कुठून झाली ते पाहावेच लागते. ज्यांची अवस्था आधी फार वाईट असते त्यांचे गुण सर्वाधिक वाढतात, तरीही शेवटी ते, वेळेत शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पातळीला सहसा पोहोचत नाहीत. फक्त वाढ पाहणाऱ्याला वाटेल की उशीर करणेच फायद्याचे. फक्त अंतिम गुण पाहणाऱ्याला वाटेल की सौम्य रुग्णांवरच शस्त्रक्रिया करावी. दोन्ही निष्कर्ष रुग्णाच्या हिताचे नाहीत.

अनुक्रम

शल्यमित्र यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. मी आरोग्य अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून एसएफ-३६ विषयी दोन गोष्टी.

तिच्या आठ अंगांवरून शारीरिक आणि मानसिक असे दोन सारांश-गुण काढतात, आणि सर्वसाधारण लोकसंख्येत त्यांची सरासरी ५० व प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १० येईल अशी मांडणी केलेली असते. हे दोन गुण एकमेकांपासून स्वतंत्र राहावेत म्हणून शारीरिक सारांशाच्या प्रचलित सूत्रात मानसिक अंगांना उणे भार दिलेला आहे, आणि मानसिक सारांशात शारीरिक अंगांना. त्यामुळे सांधेरोपणानंतर रुग्णाची वेदना कमी झाली आणि मनही प्रसन्न झाले, तर मनाची प्रसन्नता शारीरिक सारांशातून काही गुण वजा करते, आणि शरीराची सुधारणा मानसिक सारांशातून. मानसिक सारांश फारसा हलला नाही असे निबंधांत वाचले की लगेच ‘मनावर परिणाम झाला नाही’ असे समजू नये. आठही अंगांचे मूळ गुण पाहावेत.

दुसरे, एसएफ-३६ वरून काढलेला एसएफ-६डी हा निर्देशांकही ईक्यू-५डीप्रमाणे १ पर्यंत जातो, पण त्याच्या मूळ ब्रिटिश सूत्रात तळ ०.३० च्या आसपास आहे, तर ईक्यू-५डी शून्याच्या खाली जातो. साहजिकच त्याच रुग्णांत ईक्यू-५डी मोठा लाभ दाखवतो आणि एसएफ-६डी लहान. या लाभाला वर्षांनी गुणून शस्त्रक्रियेची किफायत ठरवली जाते, म्हणून प्रश्नावली कोणती निवडली यावर शस्त्रक्रिया किती किफायतशीर ठरते तेही बदलते. हे धोरण ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पाऊलवाट

सर्वांचे आभार. विदावाचक, एक शंका आहे. ऑक्सफर्डमध्ये किती गुणांचा फरक अर्थपूर्ण मानावा? आमच्याकडे दोन गुण वाढले तरी ‘सुधारणा’ असे लिहिले जाते.

विदावाचक

तुम्ही वर दिलेल्या ९७ टक्क्यांमागेही काही अंशी हेच आहे; तिथे एका गुणाची वाढसुद्धा सुधारणेत धरली जाते. रुग्णांच्या दोन गटांची तुलना करताना ऑक्सफर्डमध्ये साधारण ५ गुणांचा फरक अर्थपूर्ण मानण्याचा प्रघात आहे. एकाच गटातला आधीचा आणि नंतरचा बदल पाहताना ही मर्यादा त्याहून वर धरावी लागते, आणि एका रुग्णाबद्दल बोलायचे तर मोजमापातली चूकच काही गुणांची असते, त्यामुळे दोन गुणांवरून काहीही म्हणता येत नाही. तुलनेसाठी सांगतो, इंग्लंडच्या आकडेवारीत सरासरी वाढ खुब्यासाठी २२ गुणांच्या आणि गुडघ्यासाठी १७ गुणांच्या आसपास असते.

टाळलेल्या हालचालींबद्दल: मोकळे सोडलेले उत्तर आणि ‘अडचण नाही’ हे उत्तर वेगळे नोंदवा. ऑक्सफर्डच्या सूचनांनुसार एक-दोन उत्तरे नसतील तर बाकीच्या उत्तरांच्या सरासरीने ती भरता येतात. त्याहून जास्त नसतील तर एकूण गुण काढू नयेत. पण कोणता प्रश्न सुटला याची यादी ठेवली, तर गुडघे टेकण्यासारखा प्रश्न वारंवार सुटतो हे तुम्हालाच दिसेल, आणि ती माहिती गुणांइतकीच मोलाची आहे.

निशिगंध

फॉर्मवर दुसऱ्या सांध्याची आणि कंबरेची नोंद करायला एक ओळ ठेवा, ही विनंती. माझा पहिला गुडघा बदलला तेव्हा दुसरा तितकाच खराब होता. त्या सहा महिन्यांत चालण्याविषयी मी जी उत्तरे दिली ती खरे तर न बदललेल्या गुडघ्याची होती.

पाऊलवाट

ही सूचना आम्ही नक्की घेऊ. सध्या माझ्या मनात असे आहे: प्रत्येक रुग्णाकडून सांध्यानुसार ऑक्सफर्ड आणि सोबत ईक्यू-५डी-५एल, म्हणजे सतरा प्रश्न आणि एक पट्टी, एवढेच भरून घ्यायचे. एसएफ-३६ संशोधनासाठी ठेवायची, रोजच्या कामात तिचा भार रुग्णावर टाकायचा नाही. नोंदी शस्त्रक्रियेआधी, सहा महिन्यांनी आणि एक वर्षाने घ्यायच्या, कारण खुब्याची बरीचशी सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते, पण गुडघा वर्षभर सुधारत राहतो आणि सहा महिन्यांवर थांबलो तर गुडघ्याच्या रुग्णांवर अन्याय होतो. वर्षाच्या नोंदीला फरगॉटन जॉइंट स्कोअर जोडायचा. आणि शस्त्रक्रियेआधी रुग्णाने स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहायची: ‘हा सांधा बदलल्यावर मला … करता यायला हवे.’ वर्षानंतर तीच ओळ त्याच्यासमोर ठेवून ‘जमते का?’ असे विचारायचे. त्याला गुण द्यायचे नाहीत.

अनुक्रम

आराखडा पटला. फक्त जे रुग्ण सहा महिन्यांनी फॉर्म परत पाठवत नाहीत त्यांचा माग ठेवा. न पाठवणाऱ्यांत असमाधानी, एकटे राहणारे आणि दुसऱ्या आजारांनी त्रस्त असलेले लोक जास्त असतील, तर उरलेल्यांची सरासरी विनाकारण गोड दिसेल. त्यांना फोन करून उत्तरे घेतलीत तर ती फोनवर घेतली आहेत अशी खूण जरूर ठेवा, कारण माणसाशी बोलताना लोक कागदावर लिहितात त्यापेक्षा बरे उत्तर देतात.

शल्यमित्र

त्याच कारणासाठी माझीही एक विनंती. फॉर्म माझ्या खोलीत, माझ्यासमोर भरून घेऊ नका, आणि ज्या फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवले त्यांच्यासमोरही नको. रुग्ण आत येण्यापूर्वी, बाहेर, एकट्याने भरू दे; वाचता येत नसेल तर उपचारांशी संबंध नसलेल्या कोणीतरी प्रश्न आहे तसा वाचून दाखवावा. गुण काढून झाल्यावर मात्र ते मला आणि रुग्णाला त्याच भेटीत दिसले पाहिजेत. वर्षाच्या शेवटी तक्त्यात वाचण्यापेक्षा, रात्रीच्या वेदनेच्या प्रश्नापुढची खूण अजून तिथेच आहे हे मला त्या दिवशी कळले, तर त्याच दिवशी काही करता येते.